मायासभेतील चित्रदर्शन

प्रवासवर्णन म्हटले की आरंभी बांधाबांध, तिकिटाची खटपट, स्टेशनावरील निरोप आणि पहाटेच्या गारठ्यातील पहिला चहा यांची वाचकांस अपेक्षा असते. यांपैकी काहीएक आम्हांस सांगता यावयाचे नाही. ज्या प्रवासाची हकीगत आम्ही सांगणार आहो, तो वाईस, कृष्णेकाठच्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात, एका लहानशा मेजासमोर बसून झाला. अंगावर घरचेच धोतर होते, पायांत वहाणा नव्हत्या, आणि प्रस्थानापूर्वी देवापुढे ठेवावयाचा नारळ आमच्या सौ.नी, "कुठं जायचंच नाही, तर नारळ कशाला?" असे म्हणून पुन्हा फडताळात ठेवून दिला. तथापि त्या महिना-सव्वा महिन्यात आम्ही उभयतांनी जे पाहिले ते इतके दूरचे होते, की त्याला प्रवास न म्हणावे तर दुसरे काय म्हणावे, हे आम्हांस सुचत नाही.

आमचे कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधू निवर्तले. वहिनी, त्यांचे चिरंजीव, सूनबाई व दोन नातवंडे अशी आम्ही सर्व एका छपराखाली राहतो. सूनबाई संगणकविद्येची पदवीधर असून आठवड्यातील तीन दिवस घरूनच काम करिते. आमच्या सौ.ना गुडघ्यांच्या दुखण्याने घेरल्यास तीन वर्षे झाली होती. आधी माडी सुटली, मग घाट सुटला, आणि २०२४ सालच्या पावसाळ्यात तर ओसरीची पायरीदेखील त्या एक हात खांबाला व एक हात आमच्या खांद्याला लावून उतरू लागल्या. चित्रांची आवड त्यांना माहेरापासूनची. पुण्यामुंबईस काही कामाने गेलो की एखादे चित्रप्रदर्शन पाहिल्यावाचून परतावयाचे नाही, असा आमचा तीस वर्षांचा परिपाठ होता. तो मोडल्याचे दुःख त्यांनी कधी बोलून दाखविले नाही. मात्र वर्तमानपत्रातील प्रदर्शनांच्या बातम्या कापून ठेवण्याची त्यांची सवय होती, ती त्यांनी मुकाट्याने सोडून दिली. ही गोष्ट आमच्या लक्षात येण्याआधी सूनबाईच्या लक्षात आली, हे येथे कबूल केले पाहिजे.

एके दिवशी दुपारचे चहापाणी झाल्यावर ती म्हणाली, "काकू, एक प्रदर्शन पाहायला जायचं का? जिना आहे, पण तुम्हांला चढता येईल."

ह्या मुलुखाचे नाव सेकंड लाइफ, म्हणजे दुसरे जीवन. अमेरिकेतील सॅनफ्रान्सिस्को शहरच्या लिंडन लॅब नामक कंपनीने तो २००३ सालच्या जून महिन्यात लोकांस खुला केला. फिलिप रोझडेल हे तिचे संस्थापक. आम्ही प्रथम त्यास खेळ समजलो, परंतु तेथे जय नाही, पराजय नाही, गुण मिळवावयाचे नाहीत की कोणाला मारावयाचे नाही. कंपनी केवळ भूमी, समुद्र, आकाश आणि उगवतामावळता सूर्य पुरविते. घरे, वृक्ष, वस्त्रे, नावा, चित्रे, किंबहुना डोळ्यांस दिसणारे बहुतेक सारे, तेथील रहिवाशांनीच घडविलेले असते. लिंडन डॉलर नावाचे तेथील नाणे खऱ्या डॉलरांत मोडून घेता येते, आणि जो भूमी घेतो त्यास कंपनीकडे दरमहा भाडे भरावे लागते. ही भाड्याची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे कारण पडणार आहे.

त्या मुलुखात शिरावयाचे म्हणजे देह धारण करावा लागतो, आणि त्या देहास तिकडे 'अवतार' हेच नाव आहे! आमचा सारा जन्म संस्कृत शिकविण्यात गेलेला, त्यामुळे हा शब्द ऐकून आम्ही प्रथम थोडे तापलोच. १९८० नंतरच्या दशकात 'हॅबिटॅट' नामक अमेरिकन खेळाच्या कर्त्यांनी पडद्यावरील देहास हे नाव लाविले आणि नील स्टीफन्सन यांच्या १९९२ सालच्या 'स्नो क्रॅश' कादंबरीने ते सर्वतोमुखी केले, अशी माहिती सूनबाईने काढून दिली. धर्मसंस्थापनार्थ ईश्वराने घ्यावयाचा तो अवतार, आणि येथे पेन्शनीत निघालेला एक मास्तर चित्रे पाहण्यासाठी तो घेणार! परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर विचार केला, की 'अव' या उपसर्गापुढे 'तॄ' हा धातू. खाली उतरणे एवढाच याचा मूळ अर्थ, आणि पाण्यात उतरावयाच्या जागेसही संस्कृतात हा शब्द आहे. तेव्हा घाटाच्या पायऱ्या उतरणारा कोणीही थोडासा अवतारीच. असे मनाचे समाधान करून आम्ही निद्राधीन झालो.

दुसऱ्या दिवशी देह निवडण्याचा प्रसंग आला. तेथे तारुण्य फुकट मिळते. रुंद छातीचे, कुरळ्या केसांचे पुरुष आणि सडपातळ स्त्रिया एकामागून एक पडद्यावर येऊ लागल्या. आमच्या सौ.नी सर्वांस नकार दिला. "इतकी वर्षं झिजवून हे केस पांढरे केलेत, ते असे सोडायचे?" असे त्यांचे म्हणणे पडले. अखेर सूनबाईने पुष्कळ खटपट करून पांढऱ्या केसांचा एक देह व कोणा रहिवाशाने शिवलेले एक निळे लुगडे मिळविले. आमच्या वाट्यास एक टक्कल व कोट आला. काठी घ्यावयाची का, असे तिने विचारले असता सौ. म्हणाल्या, "तेवढी नको."

पहिल्या दिवशीची आमची फजिती सांगितल्यावाचून पुढे जाणे लबाडीचे होईल. महाभारतात मयासुराने रचलेल्या सभेत दुर्योधनाने स्फटिकाच्या भूमीस पाणी समजून वस्त्रे आवरली आणि पाण्यास भूमी समजून तो आत पडला, ही कथा आम्ही वर्गात किती वेळा हसत सांगितली असेल! आता तीच पाळी आमच्यावर आली. बाण असलेली कळ किंचित अधिक दाबली की आम्ही भिंतीवर जाऊन आदळत होतो; दार समजून गेलो ती तसबीर निघाली आणि तसबीर समजून थांबलो ते दार निघाले. येथे उडताही येते, आणि एखादे स्थळ नुसते निवडले की क्षणार्धात तेथे जाऊन पोचता येते. परंतु दुर्योधनाच्या वेळी द्रौपदी हसली असे लोक सांगतात. आमच्या वेळी कोण हसले ते आम्ही स्पष्टच सांगतो: धर्मपत्नी हसली, आणि ते हसू घरात फार दिवसांनी ऐकू आले.

आता तेथील प्रदर्शने कशी असतात ते सांगू. त्यांच्या दोन जाती आहेत. एक जात आपल्या ओळखीची: दालन, भिंती, त्यांवर चौकटीत लाविलेली चित्रे, मधोमध बसावयास बाक. पाहणारा आपला देह चित्रासमोर उभा करितो, आणि वाटल्यास दृष्टी तेवढी पुढे पाठवून चित्र अगदी जवळून न्याहाळितो. दुसरी जात मात्र त्या मुलुखाचीच म्हणावी लागेल. तीत चित्र भिंतीवर नसते. कलावंत संपूर्ण जागाच घडवितो आणि पाहणारा चित्राच्या आत हिंडतो. टोरांटो येथील एक कलावंत 'ब्रिन ओ' या अवतारनामानेच विख्यात असून, पायांनी चालत वाचावयाच्या कथा म्हणाव्यात अशा रचना तेथे मांडीत आला आहे. कोणी गवताचे माळ रचितो, कोणी बुडालेली शहरे. 'स्वर्ग' असे चक्क आपल्याच भाषेतील नाव घेतलेले एक बेट तेथे होते. त्यावरील झाडे, मेघ व मधमाश्या एकमेकांच्या आधाराने वाढत व नष्ट होत, अशी त्याच्या कर्त्याने योजना केली होती.

भिंतीवर चित्रे लावण्याच्या जातीतही मोठमोठ्या संस्थांनी हात घातलेला आहे. न्यूयॉर्क राज्यातील व्हासर कॉलेजाने २००७ साली रोम येथील सिस्टाइन चॅपेलची प्रतिकृती तेथे उभारली. मायकेलँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगविलेले ते छत प्रत्यक्षात माना वर करकरून पाहावे लागते. येथे पाहुणे उडून थेट छतापाशी जात. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीतील ड्रेस्डेन येथील जुन्या उस्तादांच्या चित्रशाळेने आपल्या कायमच्या संग्रहातील सुमारे ७५० चित्रे, त्यांच्या दालनांसह, सेकंड लाइफमध्ये मांडली. ही हकीगत सूनबाई वाचून दाखवीत होती आणि ड्रेस्डेनचे नाव कानी पडताच आमच्या हातातील चष्म्याची काडी तशीच राहिली.

त्याचे कारण असे. आमच्या शाळेत चित्रकलेचे एक शिक्षक होते. आम्हांहून वयाने वडील, आणि आमचे परम स्नेही. त्यांच्या वर्गात फळ्याच्या डाव्या बाजूस राफाएलच्या 'सिस्टाइन मॅडोना'ची एक छापील प्रत टांगलेली असे. ढगांवरून चालत येणारी माता, कडेवर बालक, बाजूंस सरकलेला हिरवा पडदा आणि तळाशी कोपरांवर हनुवटी टेकून वर पाहणारे ते दोन द्वाड देवदूत. मुलांस ते देवदूतच आवडत. हे चित्र राफाएलने १५१२-१३ च्या सुमारास इटलीतील पिआचेंझा येथील एका मठासाठी काढिले, १७५४ साली ते ड्रेस्डेनला आले, आणि उंचीने ते जवळजवळ पावणेनऊ फूट आहे, एवढे सर्व आमच्या शाळेतील प्रत्येक पिढीस पाठ असे. आमच्या स्नेह्यांची एकच इच्छा होती, की मरणापूर्वी ते चित्र पाहावे. "छापील प्रत मला चित्र दाखविते," ते म्हणत, "पण त्याच्यापुढं मी केवढा आहे, ते नाही दाखवीत." मास्तराच्या पगारात जर्मनी कोठली! पुढे पेन्शन झाली, तेव्हा प्रकृती राहिली नाही. २०१५ साली ते गेले.

म्हणजे २००७ च्या मे महिन्यात ड्रेस्डेनची दालने सर्व जगास विनामूल्य उघडली, तेव्हा आमचे स्नेही हयात होते, डोळे शाबूत होते, आणि त्यांच्या घरापासून शंभर पावलांवर आमच्या पुतण्याने नवाच घेतलेला संगणक होता. त्या चित्रासमोर आपल्या देहाएवढा एक देह उभा करून, आपण त्यापुढे केवढे आहो हे त्यांस पाहता आले असते. आम्हांपैकी कोणासही ते ठाऊक नव्हते.

आम्ही सूनबाईस म्हटले, "आता तरी आपण तेथे जाऊ. त्यांच्या वतीने पाहू." तिने जुना पत्ता शोधून काढला. आम्ही निघालो, पण त्या पत्त्यावर चित्रशाळा नव्हती. पडद्यावर स्थळ उपलब्ध नसल्याचे दोन ओळींचे उत्तर आले, आणि आम्ही जेथून निघालो होतो तेथेच उभे राहिलो.

त्या दिवशी आम्हांस फार चमत्कारिक वाटले. खऱ्या ड्रेस्डेनवर १९४५ सालच्या फेब्रुवारीत बाँबवर्षाव होऊन शहराची राख झाली. ते चित्र आधीच बाहेर हलवून एका बोगद्यात ठेविले असल्यामुळे बचावले. युद्धानंतर ते रशियात नेण्यात आले आणि १९५५ साली परत मिळाले. पाचशे वर्षांचे ते कापड आज ड्रेस्डेनमध्ये आपल्या जागी आहे. आणि ज्यास आग लागणे शक्य नाही, वाळवी लागणे शक्य नाही, ती त्याची प्रतिकृती मात्र आम्हांस सापडली नाही! परंतु प्रतिकृतींचे दैव असेच असते काय, असे मनात येऊन अजिंठ्याची आठवण झाली. तेथील भित्तिचित्रांच्या नकला मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षे खपून केल्या. त्या लंडनजवळ सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये असता १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. लेण्यांतील मूळ चित्रे, खपल्या पडोत, धूर बसो, अद्यापि भिंतीवर आहेत. ज्या नकला ती जपण्यासाठी केल्या, त्याच आधी गेल्या.

ह्या खिन्नतेत आम्ही हा नाद सोडूनच दिला असता. परंतु सूनबाईने आम्हांस एक चित्रफीत दाखविली. चाओ फेई नामक चिनी कलावती, जन्म १९७८, ही सेकंड लाइफमध्ये 'चायना ट्रेसी' हे नाव धारण करून हिंडली, आणि त्या भटकंतीची 'आय मिरर' ही फीत तिने २००७ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलामेळ्यात चीनच्या दालनात मांडली. तीत तिला एक देखणा तरुण भेटतो. दोघे एकत्र हिंडतात, पियानो वाजतो, गाडीतून निर्जन प्रदेश मागे पडतो. पुढे कळते, की तो तरुण म्हणजे प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातील साठी उलटलेले एक गृहस्थ आहेत. आमच्याच वयाचे! आम्ही कपाळाला हात लाविला. सौ. मात्र शांतपणे म्हणाल्या, "त्यात काय? आत मनुष्य तरुणच असतो. तुम्ही नाही का अजून बोरं पाहिली की खिसे चाचपता?"

ह्याच कलावतीने पुढे तेथे 'आरएमबी सिटी' नावाचे एक अख्खे नगर समुद्रावर तरंगते उभारिले. याऱ्यांना लोंबकळणारी इमारत, गंजलेले क्रीडागार, सामानाच्या ढकलगाडीत कोंबलेले गगनचुंबी मनोरे: चीनमधील नगरे ज्या वेगाने पाडली व बांधली जात होती, त्या वेगाचेच ते चित्र होते. २००९ च्या जानेवारीत ते लोकांस खुले झाले आणि २०११ साली बंद झाले. नगराची आयुर्मर्यादा त्याच्या कर्तीने आधीच योजिली होती. हे ऐकून सौ. काही वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मखरच की."

ह्या शब्दाचा अर्थ आम्हांस त्या वेळी नीट उमगला नाही. तो उमगला त्याची हकीगत हाच ह्या लेखाचा गाभा होय.

ऑगस्ट महिन्यात सूनबाईस एका प्रदर्शनाचे बोलावणे मिळाले. ब्राझीलमधील एक चित्रकर्ती. तिने आपल्या आजीचे स्वयंपाकघर रचिले होते. परंतु कसे? चार वर्षांच्या मुलीला ते जेवढे दिसले असेल तेवढे! टेबलाचे पाय देवळाच्या खांबांएवढे. त्याखाली मंडपात उभे राहिल्यासारखे आम्ही उभे होतो. दूर उंचावर एक फळी आणि तीवर बरण्यांची रांग. खांबाखांबांवर चित्रे, आणि सर्व चित्रांत फक्त हात: कणीक मळणारे, शेंगा सोलणारे, कपाळावर आलेली बट मनगटाने मागे सारणारे. फळीपर्यंत एक जिना गेला होता, आणि वर प्रत्येक बरणीत एकेक दृश्य ठेविले होते.

आम्ही म्हटले, "उडून जाऊ." सौ. म्हणाल्या, "तुम्ही उडा." आणि त्या जिना चढू लागल्या. सूनबाईने त्यांना कळ दाखवून दिली होती. त्या एका बोटाने ती दाबून होत्या आणि पडद्यावरील निळे लुगडे एकेक पायरी वर जात होते. वर पोचल्यावर त्यांनी बरण्या पाहिल्या, मग तशाच खाली आल्या. आम्हांस वाटले, आता परतावयाचे. त्यांनी तोंड फिरविले आणि जिना पुन्हा चढल्या. वर या खेपेस पाहावयाचे काही उरले नव्हते. आम्ही एक अक्षर बोललो नाही. सूनबाई पाणी आणण्याच्या निमित्ताने उठून गेली.

त्या प्रदर्शनास आम्ही पाच-सहा वेळा गेलो. तेथे इतरही मंडळी येत. कोणी पोर्तुगालची, कोणी जपानची, एक तर कोल्ह्याच्या देहात येई. लिहून बोलावयाचे, आणि सूनबाई इकडचे तिकडे करून सांगे. एकदा सौ.नी त्या कोल्ह्यास वरच्या तिसऱ्या बरणीत लोणचे आहे असे सांगितले, आणि त्यावर निरनिराळ्या देशांतील लोणच्यांची अर्धा तास चर्चा झाली. घरी पुस्तकातील चित्रे पाहताना शेजारी कोल्हा येऊन उभा राहत नाही. प्रदर्शनास 'जाणे' म्हणजे काय, हे आम्हांस तेव्हा कळले: तीत चित्रांइतकीच परकी माणसे लागतात.

३१ ऑगस्ट हा शेवटचा दिवस होता. त्या मुलुखाचे घड्याळ सॅनफ्रान्सिस्कोप्रमाणे चालते. तेथील सकाळचे आठ, म्हणजे आपल्याकडील रात्रीचे साडेआठ, ही समाप्तीची वेळ. चतुर्थी आठवड्यावर आली होती आणि ओसरीवर नातवंडे रंगीत कागदांचे मखर करीत बसली होती. पडद्यावर पंधरा-वीस जण टेबलाखाली जमले. सौ.नी सूनबाईकरवी विचारले, "एवढं केलेलं मोडता कशाला?" चित्रकर्तीचे उत्तर आले: जागेचे भाडे महिनाअखेरपर्यंतचेच आहे, आणि दुसरा एक कलावंत जागेची वाट पाहत आहे. असे तेथे नेहमीच चालते. कंपनीनेच कलावंतांस फुकट भूमी देण्याची एक योजना २०१० साली काढिली होती. तीही २०१९ मध्ये संपली. कोण किती वर्षे भाडे भरणार?

आणि तिने आवरावयास आरंभ केला. मोडतोड नाही, धूळ नाही. प्रथम बरण्या एकेक करून नाहीशा झाल्या. मग हात गेले. मग फळी, मग जिना. चुलीवरचे भांडे गेले. छत गेल्यावर तारे दिसू लागले. सर्व जण स्तब्ध होते. अखेर तिने लिहिले, "आता जमीन." आणि पायांखालची फरशी नाहीशी होताच आम्ही सारे, कोल्हा, जपानी बाई, टक्कल, निळे लुगडे, वीसच्या वीस जण, खालच्या उथळ समुद्रात धपाधप पडलो!

क्षणभर शांतता, आणि मग सगळ्यांनी आपापल्या भाषेत हसू लिहिले. सौ. तर डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "विसर्जनाला आपणच पाण्यात गेलो!" आम्हांस 'अवतार' शब्दाचा तो घाटावरचा अर्थ आठवला, पण व्युत्पत्ती सांगण्याची ती वेळ नव्हती.

हसण्याचा भर ओसरल्यावर मात्र आमच्यातील मास्तर जागा झाला. आम्ही म्हटले, "हे सारे ठीक, पण आपण खरोखर काय पाहिले? हातभर पडद्यावर रंगीत ठिपके. ना कुंचल्याचा फटकारा दिसला, ना रंगाचा वास आला. आज तर ठिपकेही गेले." त्यावर त्या म्हणाल्या, "लोणच्याची बरणी कुठं होती?" आम्ही म्हटले, "जिना चढून गेल्यावर डाव्या हाताला, तिसरी." "मग!" त्या म्हणाल्या, "पुस्तकातलं चित्र डाव्या हाताला असतं का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या रात्री देता आले नाही. अलंकारशास्त्राची पुस्तके काढून पाहिली, तेव्हा थोडे सापडले. नाट्यरसाचा विचार करिताना शंकुकाने चित्रातील घोड्याचा दृष्टान्त दिला आहे. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'मुळे तो चित्रतुरगन्याय म्हणून विद्यार्थ्यांस परिचित आहे. चित्रातील घोड्यास पाहून 'हा घोडा' अशी जी प्रतीती होते ती खरी म्हणता येत नाही, खोटी म्हणता येत नाही, तो संशय नव्हे आणि नुसते सादृश्यही नव्हे. ती या चोहोंहून निराळी. हा न्याय आम्ही चाळीस वर्षे पाठ म्हटला. तो लुगडे नेसून जिना चढताना मात्र आम्ही प्रथमच पाहिला.

आणि दुसरे आठवले ते भवभूतीचे 'उत्तररामचरित'. त्याच्या पहिल्या अंकाचे नावच 'चित्रदर्शन'. खिन्न झालेल्या सीतेस बरे वाटावे म्हणून लक्ष्मण तिला चित्रे पाहावयास नेतो. राम, सीता, लक्ष्मण एकत्र उभे राहून आपलाच वनवास भिंतीवर पाहतात. शूर्पणखा दिसताच सीता दचकते आणि हे चित्र आहे म्हणून रामास तिची समजूत घालावी लागते. त्या दर्शनाने कोणास ज्ञान झाले असे कवी म्हणत नाही. एका कुटुंबाने एकत्र उभे राहून पाहिले, एवढेच. आणि पुढील सारा विरह त्या एका प्रहराच्या आठवणीवर उभा आहे.

तेव्हा आमचे मत आम्ही थोडक्यात सांगतो. मूळ चित्राचे दर्शन ते मूळ चित्राचेच. ज्यास ड्रेस्डेनला वा अजिंठ्यास जाणे शक्य आहे त्याने जावेच, आळसाला ह्या मुलुखाचे निमित्त करू नये. परंतु जे त्या मुलुखातच जन्मते त्यास 'नक्कल' म्हणून हिणविणे योग्य नव्हे. ते तेथेच पाहावयाचे, आणि असेपर्यंतच पाहावयाचे. पार्थिव मूर्ती विसर्जनासाठीच केलेली असते. म्हणून दहा दिवसांत कोणी तिच्या आरतीस उद्या येतो म्हणत नाही.

जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी चार व्यावहारिक गोष्टी. प्रवेशास मोल पडत नाही. संगणक मात्र बऱ्यापैकी सशक्त लागतो. तेथील प्रदेशांच्या तीन प्रती केलेल्या आहेत, आणि सर्वच पेठा मुलाबाळांसह जाण्याजोग्या नाहीत. सर्वसामान्यांसाठी म्हणून नेमलेल्या प्रदेशांतच जावे. आपले खरे नाव, पत्ता व पैशाचा व्यवहार कोणास सांगू नये. घड्याळ समोर ठेवावे, कारण तेथील सूर्य आपल्या जेवणवेळेप्रमाणे मावळत नाही. आणि एकट्याने जाऊ नये. घरातील एकाने कळ दाबावी, एकाने वाचावे, एकाने हसावे.

गेल्या आठवड्यात आमच्या दिवंगत स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या पत्नींनी ती छापील प्रत आम्हांस देऊ केली. कडा पिवळ्या पडल्या आहेत, एका देवदूताच्या पंखावर शाईचा डाग आहे. ती आता आमच्या माजघरात संगणकाच्या वर लाविली आहे. खाली सौ.नी वर्तमानपत्राच्या कात्रणांची जुनी वही पुन्हा ठेविली आहे. तीत आता सूनबाई सांगेल त्या प्रदर्शनांची नावे लिहिली जातात, आणि प्रत्येकापुढे त्याच्या समाप्तीची तारीख, लाल शाईने.